बाळाचा मेंदू घडताना जनुकांना गप्प कोण बसवतं?

सोलापुरात सात रस्त्याला रिक्षाची वाट बघताना माझ्या भाचीच्या हातात कुणीतरी गर्भसंस्कार वर्गाचं रंगीत पत्रक ठेवलं. वर ठळक अक्षरांत ‘एपिजेनेटिक्स’. खाली मजकूर असा की आईनं ठरावीक विचार केले तर बाळाच्या मेंदूतली जनुकं हवी तशी घडवता येतात. भाचीला चौथा महिना लागलाय. घरी आल्या आल्या तिनं पत्रक माझ्यापुढे धरलं. “मामा, ह्यातलं खरं किती ओ?”

शब्द खरा आहे. डीएनएची अक्षरं न बदलता कोणतं जनुक कधी चालू आणि कधी बंद हे ठरवणाऱ्या खुणांची यंत्रणा, ती अभ्यासणारं शास्त्र म्हणजे एपिजेनेटिक्स. गर्भातल्या मेंदूशी त्याचं नातंही खरं आहे, आणि गेल्या पंचवीस वर्षांत त्याबद्दल जे कळलंय ते कुठल्याही पत्रकापेक्षा जास्त चक्रावून टाकणारं आहे. फक्त त्याचा रोख निराळा आहे. मेंदू घडत असताना या यंत्रणेचा बराचसा वेळ जनुकं जागवण्यात जात नाही, त्यांची पाळी येईपर्यंत त्यांना अडवून धरण्यात जातो. तिला मी तोंडी जे सांगितलं त्यापेक्षा जरा सविस्तर इथे लिहितोय.

गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात भ्रूणाच्या पाठीवर पेशींचा एक सपाट पट्टा दिसू लागतो. त्याच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे वळतात आणि जुळून एक नळी होते. साधारण २८व्या दिवसापर्यंत ही नळी दोन्ही टोकांना बंद होते. पुढच्या टोकाचा मेंदू होतो, मागच्या लांब भागाचा मज्जारज्जू. भ्रूण त्या वेळी जेमतेम चार-पाच मिलिमीटरचं असतं, आणि बऱ्याच बायकांना तोवर आपण गरोदर आहोत हेही नीटसं कळलेलं नसतं. या तारखेचं महत्त्व पुढे येईल.

नळीच्या पोकळीत द्रव असतो आणि पोकळीला लागून जो थर असतो तो मेंदूच्या मूळपेशींचा. इंग्रजीतलं ‘स्टेम सेल’ आता सगळ्यांच्या ओळखीचं झालंय, ते हेच. सुरुवातीला या पेशी फक्त संख्या वाढवतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार, सगळ्या अगदी एकसारख्या. मग त्यांची विभागणीची तऱ्हा बदलते. विभागणी झाली की दोनपैकी एक मूळपेशीच राहते आणि दुसरी न्यूरॉन, म्हणजे संदेश वाहणारी मेंदूची पेशी, होण्याच्या वाटेला लागते. मूळपेशीचा आकारही याच सुमारास बदलतो. तिचं एक टोक पोकळीपाशी, आणि दुसऱ्या टोकाचा लांबच लांब धागा मेंदूच्या बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत गेलेला. नवे जन्मलेले न्यूरॉन याच धाग्याला धरून वर सरकतात, हे पास्को राकिच यांनी १९७२मध्ये दाखवलं. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं या लांब पेशींकडे न्यूरॉनना चढायला आधार देणाऱ्या पेशी म्हणूनच पाहिलं गेलं. २०००-२००१च्या सुमारास कळलं की ज्यांच्या अंगावरून न्यूरॉन चढतात, त्यांनीच त्यांना जन्म दिलेला असतो. विज्ञानात इतकी समोर असलेली गोष्ट इतकी वर्षं नजरेआड राहिल्याची उदाहरणं फार नाहीत.

आता क्रम पाहा, कारण सगळी मेख क्रमात आहे. मोठ्या मेंदूच्या सालीत सहा थर असतात. मूळपेशी आधी सर्वांत खोल थरांचे न्यूरॉन बनवतात. त्यानंतरचे न्यूरॉन आधीच्यांना ओलांडून वरच्या थरांत जाऊन बसतात. न्यूरॉन बनवण्याचा हंगाम सरत आला की त्याच मूळपेशी अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या ताऱ्यासारख्या पेशी तयार करायला लागतात. न्यूरॉनना पोसणं, त्यांच्या भोवतालचा रसायनांचा तोल सांभाळणं ही त्यांची कामं. त्यानंतर येतात न्यूरॉनच्या तंतूंवर मेदाचं आवरण चढवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट, आणि त्यांचं काम जन्मानंतरही कित्येक वर्षं चालतं. मोठ्या माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी न्यूरॉन असतात आणि इतर पेशीही साधारण तितक्याच. उंदरात सालीतले न्यूरॉन बनवण्याचं काम आठवड्याभरात उरकतं. माणसात त्याला तीन महिन्यांच्या वर लागतात. पण क्रम दोघांतही तोच. आधी न्यूरॉन, आणि न्यूरॉनमध्येही आधी खोल थरांचे.

हा क्रम ठरवतं कोण? पहिला अंदाज असा येतो की आजूबाजूचा मेंदू सांगत असेल, आता हे बनवा, आता ते बनवा. २००० साली अमेरिकेत सॅली टेम्पल यांच्या प्रयोगशाळेनं हा अंदाज तपासला. उंदराच्या गर्भातल्या मेंदूतून एकेक मूळपेशी वेगळी काढून बशीत एकटी वाढवली. आजूबाजूला मेंदू नाही, थर नाहीत, आईचं रक्त नाही. तरीही त्या पेशीनं आधी न्यूरॉन दिले आणि नंतर ग्लिया, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसाइटच्या जातीच्या पेशी. वेळापत्रकाचा मोठा भाग त्या एकट्या पेशीतच होता.

सुरुवातीच्या आणि नंतरच्या मूळपेशीचा डीएनए एकच असतो. त्यातलं एकही अक्षर बदललेलं नसतं. मग पेशीला आपण क्रमात कुठे आहोत हे कळतं कसं?

हे सोलापूरकराला समजवायला जेकार्डसारखं दुसरं साधन नाही. पूर्व भागातल्या जुन्या कारखान्यांत चादरीच्या मागावर, वरच्या बाजूला, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरताना ज्यांनी पाहिली असेल त्यांना अर्धं तर आधीच कळलेलं आहे. मागावर ताणा एकच असतो, हजारो उभे धागे. पुठ्ठ्यावर जिथे भोक आहे तिथली सुई आत जाते, तिचा आकडा वर उचलला जातो आणि धागा वर येतो. जिथे भोक नाही तिथला धागा खालीच राहतो. मधून धोटा गेला की नक्षीची एक ओळ झाली. मग पुढचा पुठ्ठा, पुढची ओळ. माळ बदलली की त्याच ताण्यावर मोराच्या जागी फुलं येतात. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जाकार यांनी १८०४मध्ये ही युक्ती काढली आणि अक्कलकोट रोडवरच्या चादरींपर्यंत ती पोचली. आता काही ठिकाणी पुठ्ठे जाऊन इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आलंय, पण तत्त्व तेच.

डीएनए म्हणजे ताणा. कोणता धागा कधी उचलायचा हे सांगणाऱ्या खुणा त्याच्यावर वेगळ्या असतात आणि त्यांच्या अभ्यासालाच एपिजेनेटिक्स म्हणतात. हा शब्द कॉनराड वॉडिंग्टन यांनी १९४२मध्ये वापरात आणला, तेव्हा डीएनएची रचनासुद्धा कळलेली नव्हती. चादरीच्या एखाद्या ओळीकडे बारकाईनं पाहिलंत तर आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. मोर दिसतो तो जितका उचललेल्या धाग्यांमुळे, तितकाच खाली दाबून ठेवलेल्यांमुळे. सगळेच धागे वर आले तर नक्षी उरणारच नाही. माणसात प्रथिनं बनवणारी सुमारे २०,००० जनुकं आहेत. ती सगळी एकदम बोलू लागली तर ती पेशी न्यूरॉनही होणार नाही आणि दुसरं काहीही होणार नाही.

या खुणा प्रत्यक्षात कशा असतात? एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरेल आणि तो मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढ्या केंद्रकात बसवायचा असतो. त्यासाठी तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या गोळ्यांवर गुंडाळलेला असतो. एका गोळ्याभोवती १४७ अक्षरं, सुमारे पावणेदोन वेढे, थोडी मोकळी जागा, पुन्हा पुढचा गोळा. गुंडाळी घट्ट असेल तर तिथलं जनुक वाचता येत नाही, सैल असेल तर येतं. हिस्टोनला बाहेर आलेली शेपटं असतात आणि त्यांवर छोटे रासायनिक गट चिकटवले जातात. अ‍ॅसिटिल गट चिकटला की गुंडाळी सैलावते. मिथाइल गटाचा परिणाम जागेवर अवलंबून असतो. एका ठरावीक हिस्टोनच्या शेपटावर चौथ्या जागी तो असेल तर जनुक चालू असण्याची खूण, २७व्या जागी असेल तर बंद ठेवण्याची. शिवाय खुद्द डीएनएवरही मिथाइल गट बसतो, बहुतेक वेळा ‘सी’ या अक्षरावर, आणि तेही त्याच्या पुढचं अक्षर ‘जी’ असेल तर. खुणा लावणारी एन्झाइम, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, वेगळी, पुसणारी वेगळी, आणि खुणा वाचून त्याप्रमाणे वागणारी प्रथिनं आणखी वेगळी.

जेकार्डचं उदाहरण इथे थोडं अपुरं पडतं. मागावरची माळ बाहेरचा कारागीर करून देतो. पेशीत खुणा लावणारी एन्झाइम ही त्याच डीएनएवरच्या जनुकांतून बनलेली असतात, म्हणजे कापडच आपले पुठ्ठे स्वतः पाडतं. आणि मूळपेशी दर विभागणीत डीएनएची नक्कल करते, तेव्हा नव्या धाग्यावर जुन्या खुणा पुन्हा उठवाव्या लागतात. डीएनएवरच्या मिथाइल गटांसाठी हे काम डीएनएमटी१ नावाचं एन्झाइम करतं. ते नसेल तर चार-सहा विभागण्यांत पेशी आपण क्रमात कुठे होतो हे विसरून जाईल.

आता एकच उदाहरण घेऊन आत शिरू, कारण सगळं चित्र त्यात दिसतं.

अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये जीएफएपी नावाचं एक प्रथिन भरपूर असतं. त्याचं जनुक चालू करायचं तर बाहेरून एक संकेत यावा लागतो. मग स्टॅट३ नावाचं प्रथिन केंद्रकात जातं, जीएफएपी जनुकाच्या आधीच्या एका छोट्या तुकड्याला चिकटतं आणि जनुक सुरू होतं. उंदराच्या गर्भातल्या अकराव्या-बाराव्या दिवसाच्या मूळपेशींना प्रयोगशाळेत हाच संकेत मुद्दाम दिला तरी त्या अ‍ॅस्ट्रोसाइट होत नाहीत. चौदाव्या-पंधराव्या दिवसाच्या मूळपेशींना तोच संकेत दिला तर होतात. तीन दिवसांत बदललं काय? २००१मध्ये जपानी संशोधकांनी ते शोधून काढलं. स्टॅट३ ज्या तुकड्याला चिकटतं त्यात एक ‘सी’ आहे. आधीच्या पेशींत त्या एका अक्षरावर मिथाइल गट बसलेला असतो आणि त्यामुळे स्टॅट३ला तिथे चिकटता येत नाही. नंतरच्या पेशींत तो निघून गेलेला असतो. संकेत तोच, जनुक तेच. एका अक्षरावरची खूण असेपर्यंत बाहेरून कितीही ओरडलं तरी उपयोग नाही.

त्या खुणेमुळेच मूळपेशी न्यूरॉन पुरेसे बनवल्याशिवाय पुढच्या कामाला लागत नाही. हे खरं की नाही हेही तपासून झालंय. २००५च्या एका प्रयोगात उंदरांच्या मेंदूच्या मूळपेशींतून डीएनएमटी१ काढून टाकलं. खुणा टिकेनाशा झाल्या आणि अ‍ॅस्ट्रोसाइट वेळेआधीच बनायला लागले.

मग ती खूण वेळेवर पुसली कशी जाते? हा भाग मला सगळ्यांत जास्त आवडतो. २००९मध्ये असं दिसलं की नुकते जन्मलेले न्यूरॉन आपल्या शेजारी उरलेल्या मूळपेशींना स्पर्शातून संकेत देतात. त्या संकेतानं मूळपेशीत एनएफआयए नावाचं प्रथिन वाढतं आणि जीएफएपीच्या जनुकावरचे मिथाइल गट हटतात. म्हणजे न्यूरॉन पुरेसे झाले हे मूळपेशीला तिची मुलंच सांगतात. बशीतल्या एकट्या पेशीचा प्रयोगही यात नीट बसतो. ती एकटी होती खरी, पण तिनं जन्म दिलेले न्यूरॉन तिच्या भोवतीच होते.

एक दार उघडलं तरी दुसरं बंद व्हावं लागतं. मूळपेशीला अ‍ॅस्ट्रोसाइट बनवता येऊ लागले तरी न्यूरॉन बनवणारी जनुकं चालूच राहिली तर काम अर्धवट राहील. ती बंद करायला पॉलिकोंब नावाचा प्रथिनांचा गट येतो. हिस्टोनच्या शेपटावर २७व्या जागी मिथाइल गट लावणारं ईझेडएच२ हे एन्झाइम याच गटातलं. ‘न्यूरोजेनिन’ हे जनुक पेशीला न्यूरॉनच्या वाटेला लावतं. न्यूरॉनचा हंगाम संपताना पॉलिकोंब हळूहळू त्याच्यावर बंदीची खूण लावतो. हंगाम सुरू असताना हा गट काढून टाकला तर मूळपेशी न्यूरॉनच बनवत राहतात आणि अ‍ॅस्ट्रोसाइटना उशीर होतो. २००९मध्ये हे दिसलं. पण पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटानं हंगाम सुरू होण्याआधीच ईझेडएच२ काढून टाकलं, तेव्हा उलटच घडलं. सगळी मालिकाच पुढे सरकली, मूळपेशी लवकर न्यूरॉन बनवून संपून गेल्या. एकच एन्झाइम, पण कुठल्या दिवशी काढलं यावर परिणाम अवलंबून. म्हणून ‘हे जनुक बुद्धीचं’ किंवा ‘हे एन्झाइम हुशारीचं’ अशी वाक्यं कुणी बोललं की मी सावध होतो.

मूळपेशीत काही जनुकांवर चौथ्या जागेची आणि २७व्या जागेची, दोन्ही खुणा एकाच वेळी सापडतात. चालूचीही आणि बंदचीही. जनुक गप्प असतं, पण बंदीची खूण काढली की लगेच बोलू शकतं. न्यूरॉनच्या खास जनुकांना दाबून धरणारं रेस्ट नावाचं प्रथिन वेगळंच, ते मूळपेशीत असतं आणि न्यूरॉन होताना कमी होतं. डीएनएची गुंडाळी सरकवणारी जी प्रथिनांची जोडणी असते तिचेही काही सुटे भाग मूळपेशी न्यूरॉन होताना बदलले जातात. तपशील आणखी बरेच आहेत. बहुतेकांची दिशा एकच: आत्ता नको, थांब.

माणसाच्या बाबतीत हे थांबणं फारच लांबतं. उंदराचे न्यूरॉन काही आठवड्यांत पूर्ण कामाला लागतात. माणसाचे महिने आणि वर्षं घेतात, आणि बशीत वाढवले तरीही घेतात. हा संथपणा न्यूरॉनचा स्वतःचा असेल असं वाटत होतं. २०२४मध्ये न्यूयॉर्कमधल्या लोरेन्झ स्टुडर यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं की त्याचं मूळ आधीच्या पायरीत आहे. न्यूरॉन जन्माला येण्याआधी, मूळपेशीतच, पुढे लागणाऱ्या जनुकांवर बंदीच्या खुणा बसवलेल्या असतात, आणि न्यूरॉन त्या सोबत घेऊनच जन्मतो. पुढे त्या सावकाश कमी होतात. संशोधकांनी मूळपेशीच्या अवस्थेत काही काळ ईझेडएच२सारख्या एन्झाइमना औषधानं रोखलं, तर पुढे बनलेले न्यूरॉन लवकर परिपक्व झाले. पार्किन्सनसारख्या आजारांचा अभ्यास करायला बशीत न्यूरॉन वाढवणाऱ्यांना महिनोन्‌महिने थांबावं लागतं, त्यांना याचा उपयोग आहे. गर्भात मात्र हीच दिरंगाई माणसाच्या मेंदूला जोडण्या करायला इतका वेळ मिळवून देते, असं मानायला जागा आहे.

खुणा लावणारी यंत्रणाच बिघडली तर? काबुकी सिंड्रोम हा १९८१मध्ये जपानमध्ये प्रथम नोंदवलेला आजार. चेहऱ्याची विशिष्ट ठेवण, वाढ आणि शिकणं मागे पडणं अशी त्याची लक्षणं. २०१०मध्ये त्याचं मुख्य कारण सापडलं: चौथ्या जागेची खूण लावणाऱ्या एका एन्झाइमच्या जनुकात दोष. ईझेडएच२च्या जनुकातल्या दोषानं वीव्हर सिंड्रोम होतो, त्यात मूल जास्त वाढतं आणि बऱ्याचदा विकास मंदावतो. रेट सिंड्रोमची मुलगी पहिले काही महिने नीट वाढते आणि मग बोलणं, हातांचा वापर गमावत जाते. त्याचं कारण १९९९मध्ये कळलं. तिथे डीएनएवरच्या मिथाइल खुणा वाचणाऱ्या प्रथिनाचं जनुक बिघडलेलं असतं. हा दोष मूळपेशींपेक्षा तयार न्यूरॉनना जास्त भोवतो.

या आजारांतले बहुतेक जनुकदोष त्या मुलात नव्यानंच आलेले असतात, आईबापांकडून आलेले नसतात. हे मी मुद्दाम लिहितोय. आपल्याकडे मूल मंद निघालं की ‘पोटुशी असताना काय केलंस’ हा प्रश्न घरातूनच येतो, आणि तो आईलाच विचारला जातो, बापाला नाही. गरोदरपणी तिनं रडून घेतलं, भांडण झालं, ग्रहणात बाहेर गेली, यातलं काहीही ईझेडएच२चं जनुक मोडत नाही. पत्रकातल्या आश्वासनावर माझा खरा राग याच कारणासाठी आहे. चांगल्या विचारांनी मेंदूतली जनुकं सुधारतात असं एकदा मान्य केलं, की मुलात काही कमी राहिलं तर विचार वाईट होते असा निकाल आपोआप तयार होतो.

भाचीला मी हेही म्हटलं, की वर्गाला जायचं तर खुशाल जा. गाणं ऐक, श्वासाचे व्यायाम कर, चार जणींत बसून बोल. त्यानं तुला बरं वाटेल, आणि ते कमी नाही. पण ठरावीक विचारानं गर्भातल्या मूळपेशीच्या ठरावीक जनुकावरची ठरावीक खूण बदलते, असं कुणी दाखवलेलं नाही. जिवंत गर्भाच्या मेंदूचा तुकडा काढून खुणा तपासता येत नाहीत. अशा दाव्यांच्या मागे जे अभ्यास दाखवले जातात त्यांत बहुधा रक्त किंवा लाळ तपासलेली असते, आणि रक्तपेशीवरच्या खुणा मेंदूतल्या पेशीवरच्या खुणांपेक्षा वेगळ्या असतात. सगळा लेख त्याबद्दलच तर आहे.

याचा अर्थ बाहेरचं काहीच आत पोचत नाही असा नाही. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे नेदरलँडमध्ये उपासमार झाली. गर्भधारणेच्या सुमारास ती उपासमार सोसलेल्या आयांची मुलं साठीला आली तेव्हा त्यांचं रक्त तपासलं. वाढीशी संबंधित आयजीएफ२ या जनुकावर त्यांच्यात भावंडांपेक्षा मिथाइल खुणा थोड्या कमी आढळल्या. २००८मध्ये हे प्रसिद्ध झालं. १९७२चा दुष्काळ ज्यांनी आईच्या पोटात काढला ती आपल्या जिल्ह्यातली पिढी आज पन्नाशीच्या पुढे आहे, त्यामुळे हा अभ्यास सोलापुरात बसून वाचताना परका वाटत नाही. पण तोही रक्ताचाच अभ्यास आहे, आणि त्यात कारण विचारांचं नव्हतं, भुकेचं होतं.

ठोस पुरावा जिथे आहे ती गोष्ट अगदी साधी आहे, आणि तिची सुरुवात मुंबईतल्या कापड गिरण्यांत झाली. १९२८मध्ये लूसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आली. गिरणी कामगार बायकांना गरोदरपणात होणाऱ्या एका जीवघेण्या रक्तक्षयाचा तिला शोध घ्यायचा होता. यीस्टच्या अर्कानं, म्हणजे मार्माइटनं, तो बरा होतो हे तिनं १९३१मध्ये मांडलं. अर्कातला तो घटक म्हणजे फोलेट. पुढे १९४१मध्ये तो पालकातून वेगळा केला गेला. पेशी फोलेट दोन कामांना वापरते. एक, नवा डीएनए बनवायला. दुसरं, मिथाइल गट पुरवायला. डीएनएवर आणि हिस्टोनवर बसणारा प्रत्येक मिथाइल गट ज्या रेणूकडून येतो तो पुन्हा पुन्हा भरून निघायला फोलेट लागतं आणि बी-१२ जीवनसत्त्वही लागतं. झपाट्यानं विभागणाऱ्या मूळपेशींना दोन्ही कामं एकदम करायची असतात.

१९९१मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत ज्यांचं आधीचं मूल नळी नीट न जुळल्यामुळे दगावलं किंवा अपंग झालं होतं अशा बायकांना गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक अ‍ॅसिड, म्हणजे फोलेटचं गोळीतलं रूप, दिलं. तोच दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. चाचणीत मात्रा ४ मिलिग्रॅम होती. आधी असं काही झालेलं नसेल तर रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं. अडचण वेळेची आहे. आशाताई नाव नोंदवून घेतात, आरोग्य केंद्रात चौथ्या महिन्यापासून लाल गोळी सुरू होते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड असतं आणि रक्तासाठी ती हवीच. पण नळी तर २८व्या दिवशी बंद झालेली असते. म्हणून फोलिक अ‍ॅसिडची साधी गोळी मूल हवं असं ठरवल्यापासूनच, दिवस जाण्याच्या निदान महिनाभर आधी सुरू करायची असते. शेंगा, हरभरा, डाळी, पालेभाज्या यांत फोलेट असतंच आणि आपल्याकडच्या जेवणात ते येतं, तरीही या काळात गोळी लागते.

बी-१२चं तसं नाही. ते वनस्पतींत नसतं. दूध, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. शाकाहारी घरात, त्यातही दूध जेमतेम चहापुरतं येत असेल तर ते कमी पडतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि मुलं यांचा पाठपुरावा करताहेत. २००८मध्ये त्यांनी दाखवलं की आईत फोलेट भरपूर पण बी-१२ कमी असेल तर मुलाच्या सहाव्या वर्षी शरीरात इन्शुलिनला होणारा विरोध सर्वांत जास्त आढळतो. दोन्ही जीवनसत्त्वं एकाच चक्रात लागतात, त्यामुळे एकच वाढवून भागत नाही. डॉक्टरांकडे गेलात की बी-१२ची तपासणी विचारून घ्या. बोटं मुंग्या आल्यासारखी बधिर होतात, जीभ लाल आणि गुळगुळीत झालीय, असं काही असेल तर आवर्जून.

शेवटची गोष्ट औषधाची, आणि ती मी भाचीच्या जावेसाठी लिहितोय, तिला आकडीचा त्रास आहे. व्हॅलप्रोएट हे आकडीवरचं जुनं आणि गुणकारी औषध. मायग्रेन आणि काही मानसिक आजारांतही देतात. हिस्टोनवरचे अ‍ॅसिटिल गट काढणाऱ्या एन्झाइमना ते रोखतं, हे २००१मध्ये कळलं. म्हणजे जिथली गुंडाळी घट्ट राहायला हवी तिथली ते सैल करू शकतं. फोलेटच्या चक्रातही ते ढवळाढवळ करतं. गरोदरपणात ते घेतलं तर शंभरातल्या सुमारे दहा बाळांत जन्मजात व्यंग आढळतं, त्यात नळी न जुळण्याचं व्यंगही येतं, आणि तीस ते चाळीस मुलांत बोलणं, शिकणं किंवा वागणं यांच्या अडचणी येतात. मूल होण्याच्या वयातल्या मुलींना आणि स्त्रियांना ते देऊ नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण गोळी मनानं बंद करू नका. अचानक बंद केली तर मोठी आकडी येऊन आई आणि बाळ दोघंही धोक्यात येतात. दिवस राहण्याच्या आधी न्यूरोफिजिशियनला भेटून दुसऱ्या औषधावर जाता येतं आणि त्याला काही महिने लागतात. त्यामुळे लग्न ठरलं की ही औषधाची चिठ्ठी लपवून न ठेवता डॉक्टरांपुढे ठेवायची, आणि सोबत नवऱ्यालाही न्यायचं.